संक्रांत ते पाडवा : मंडळाच्या कार्यकारिणीस आणि सीनियर मुलांच्या पालकांस खुले पत्र

स. न. वि. वि.

परवाच्या शनिवारी इथे न्यू जर्सीत आपल्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बाहेर गोठलेलं पार्किंग, आत काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली बाळं, बोरन्हाणाचा गोंधळ. दाराशी एक सीनियर, म्हणजे बारावीतली, मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिळगूळ वाटत होती. अर्ध्या तासात तिला पाच जणींनी कॉलेज प्रवेशाबद्दल एकच प्रश्न विचारला, "काय गं, कुठून काही कळलं का?" पाचव्यांदा प्रश्न आला तेव्हा तिने ताट आईच्या हातात दिलं आणि ती गाडीत जाऊन बसली. कार्यक्रम संपेपर्यंत ती आत आली नाही.

त्या पाच जणींत पहिली मी होते.

रात्री तिच्या आईशी फोनवर बोलले तेव्हा कळलं, की दुसऱ्या मार्किंग पिरियडमध्ये, म्हणजे तिमाहीत, तिला फिजिक्समध्ये डी, म्हणजे नापासाच्या जरा वरचा ग्रेड, मिळाला आहे आणि कॅल्क्युलसमध्ये सी. आठ कॉलेजांत अर्ज गेलेले आहेत. डिसेंबरात एका कॉलेजने डिफर केलं, म्हणजे निर्णय मार्चवर ढकलला. तो डी आता आठही ठिकाणी पोचणार, हे त्या मुलीला माहीत होतं, आणि आम्ही तिच्या हातून तिळगूळ घेत काही कळलं का म्हणून विचारत होतो. हे सगळं मी तिच्या आईला विचारूनच लिहिते आहे. तीच म्हणाली, लिही.

दोन वर्षांपूर्वी हे आमच्या घरात झालं होतं. तेव्हा आम्ही कुणाला कळू दिलं नाही. मुलाला मंडळात यायचं नसे, तर आम्ही "त्याला खूप अभ्यास आहे" असं सांगून मोकळे होत असू. आज ते सगळं सांगते.

आमच्या मुलाची तेरा कॉलेजांची यादी होती. ती यादी त्याने केली नव्हती. मी आणि त्याच्या बाबांनी उन्हाळ्यात एक्सेलमध्ये मांडली होती, रंग देऊन. जवळजवळ प्रत्येक कॉलेजचे निबंध वेगळे, सगळे मिळून तिसाच्या वर. त्यात पाच एपी विषय, म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय. सप्टेंबरपासून तो रात्री एक-दीडपर्यंत निबंध लिहीत बसे. ऑक्टोबरात एकदा तो म्हणाला, की कॅल्क्युलसचा गृहपाठ राहतो आहे. मी म्हणाले, "आधी अर्ज जाऊ देत, ग्रेडचं नंतर बघू." हे वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं.

ते माझ्या तोंडून का आलं, यावर मी नंतर बराच विचार केला. मी १९९४ साली सांगलीहून बारावी केली. आमच्याकडे अकरावीला उघडपणे 'रेस्ट इयर' म्हणत. कॉलेजच्या सहामाहीला किती पडले, प्रिलिमला किती, हे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला कुणी विचारलं नाही. बोर्डाची परीक्षा झाली, पीसीएमची बेरीज झाली, त्या बेरजेवर यादी लागली. बेरजेच्या आधीचं सगळं पुसलं जायचं आणि नंतरचं कुणी बघायचं नाही. पुढे तिकडे सीईटी आली, पद्धत बदलली, पण परीक्षा एकदाच असते आणि निकाल एकाच आकड्यात असतो, ही समजूत आपल्या पिढीच्या अंगात मुरलेली आहे. ती आपण विमानातून सोबत आणली.

त्या समजुतीमुळे १ जानेवारीला शेवटचा अर्ज गेला, की आपल्याला वाटतं संपलं. आणि त्याच समजुतीमुळे जानेवारीअखेर एक सी दिसला, की आपल्याला वाटतं बेरीजच बुडाली. दोन्ही वेळा आपण चुकतो.

इथली फाइल शाळा संपेपर्यंत बंद होत नाही. पहिलं सत्र संपलं, की शाळेचे काउन्सेलर, म्हणजे विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक, कॉलेजांना मिडइयर रिपोर्ट पाठवतात. त्यात नवे ग्रेड असतात. जूनमध्ये शाळा संपल्यावर फायनल रिपोर्ट जातो, शेवटच्या ट्रान्सक्रिप्टसकट, म्हणजे गुणपत्रकासकट. एमआयटीसारखं कॉलेज फेब्रुवारीत विद्यार्थ्याकडूनच वेगळा फॉर्म भरून मागतं. मार्चअखेर मिळालेला होकार हा सशर्त असतो, १ मेपर्यंत जागा पक्की केली आणि पैसे भरले तरीही सशर्तच. होकाराच्या पत्रात खाली ती अट लिहिलेली असते. आपण वरचं 'अभिनंदन' वाचून फोटो काढतो.

२०१७ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसने सुमारे ५०० मुलांचे दिलेले प्रवेश मागे घेतले. मुलांनी बाकीच्या कॉलेजांना नकार कळवून झालेले होते. काहींची ट्रान्सक्रिप्ट मुदतीत पोचली नव्हती, काहींचे सीनियर वर्षाचे ग्रेड घसरले होते. मोठा ओरडा झाला, चॅन्सेलरांनी माफी मागितली, आणि कागदपत्रांच्या उशिरामुळे अडकलेल्या मुलांना परत घेतलं गेलं. शैक्षणिक अट ज्यांनी पाळली नव्हती, त्यांना त्या माफीचा उपयोग झाला नाही.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. ती अट काय असते ते बघा. त्याच विद्यापीठात होकार मिळालेल्या मुलाने सीनियर वर्षात साधारण ३.०, म्हणजे बी इतकी, सरासरी राखायची असते आणि कुठल्याही विषयात डी किंवा एफ येऊ द्यायचा नसतो. या अटीत एखादा सी बसतो. डी बसत नाही, आणि डी आला तर तो आपण होऊन कळवावा लागतो. ज्या नावाजलेल्या खासगी कॉलेजांत निर्णय व्हायचा आहे, तिथली गोष्ट वेगळी. तिथे अर्जांची गर्दी अशी, की मिडइयरचा सी जड जाऊ शकतो. ते मी नाकारत नाही. पण जड जाणं आणि आयुष्य बुडणं यांतलं अंतर आपल्या घरांत कुणी मोजत नाही, आणि मुलं आपल्या चेहऱ्यावरून मोजतात.

आमच्याकडे मुलाचा कॅल्क्युलसमधला सी पोर्टलवर दिसला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी शाळेचं पोर्टल दिवसातून चार-पाच वेळा उघडत असे. त्या रात्री मी जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. सकाळी मी गणिताच्या शिक्षकांना मेल केला, एक्स्ट्रा क्रेडिट मिळेल का म्हणून. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आणि फार सभ्य होतं: याबद्दल विद्यार्थी स्वतः येऊन बोलला तर मला आवडेल. मग मी मुलाच्या नावाने कॉलेजांना पाठवायचं पत्र लिहिलं. त्यात आजोबांचं आजारपण घातलं. आजोबा आजारी होते हे खरं, पण मागच्या वर्षी. आणि त्याचा या ग्रेडशी संबंध नव्हता. मुलाने ते वाचलं आणि म्हणाला, "आई, यात मी कुठेच नाही."

काउन्सेलरकडे तो एकटा गेला. आम्हाला नंतर कळलं, की अकरा गृहपाठ दिलेच गेले नव्हते. चाचण्यांत तो ठीक होता. शून्यं मिळाली होती ती न दिलेल्या कामाची. पहिला गृहपाठ निबंधांमुळे राहिला. तो उशिरा द्यायला लाज वाटली, म्हणून सरांना भेटायचं टाळलं. भेटायचं टाळलं म्हणून पुढचा अडला. घरी सांगितलं असतं तर मी ओरडले असते, हे त्याला माहीत होतं. आळस म्हणून ज्याला मी तीन आठवडे नावं ठेवली, ती खरं तर भीती होती, आणि तिच्यातला मोठा वाटा माझा होता.

फेब्रुवारीत त्याने स्वतः सहा ओळी लिहिल्या. अर्थ असा: पहिल्या सत्रात कॅल्क्युलसमध्ये मला सी मिळाला. अकरा गृहपाठ मी दिले नाहीत. आजारी नव्हतो, घरीही काही झालं नव्हतं. कामाचा अंदाज चुकला आणि मदत मागायला मी उशीर केला. आता आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर सरांकडे बसतो, आणि आतापर्यंतच्या दोन चाचण्यांत बी आहे. काउन्सेलरनी ते वाचून एक शब्द बदलायला सांगितला. जिथे कॉलेजच्या पोर्टलवर सोय होती तिथे त्याने ते स्वतः चढवलं. जिथे कॉलेजने अशी पत्रं पाठवू नका म्हटलं होतं तिथे पाठवलं नाही.

मार्चमध्ये सात नकार आले, दोन वेटलिस्ट (प्रतीक्षायादी), चार होकार. तो आता राज्याच्या विद्यापीठात शिकतो. त्या सात नकारांपैकी किती त्या सीमुळे आले, हे आम्हाला कधीही कळणार नाही, कारण कॉलेजं कारण सांगत नाहीत. म्हणून हळदीकुंकवाला "अमक्याचं एका सीमुळे गेलं हो" असं जे आपण एकमेकींना सांगतो, ते आपल्या मनाचं असतं. आणि शेजारच्या खुर्चीत ते ऐकणारं एखादं पोर असतं. मला एवढं मात्र माहीत आहे, की गेल्या वर्षी कॉलेजात तो एका विषयात मागे पडला, तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात त्याचा घरी फोन आला. प्राध्यापकांना तो आधीच भेटून आला होता.

ज्यांच्या घरात आत्ता हे चालू आहे त्यांच्यासाठी, मी जे शिकले ते लिहिते. ग्रेड लपत नाही. आपण सांगा किंवा नका सांगू, तो शाळेकडून जातो. त्याच्यासोबत जाणारे चार शब्द एवढंच मुलाच्या हातात असतं, आणि ते त्याचेच असायला हवेत. अठरा वर्षांच्या मुलाचं पत्र पन्नाशीच्या बाईने लिहिलेलं वाचणाऱ्याला कळतं. आधी काउन्सेलरकडे मुलाला जाऊ द्या, आणि लवकर जाऊ द्या. अमेरिकेत एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत असं त्यांची संघटना म्हणते आणि बहुतेक शाळांत त्याहून जास्त असतात, त्यामुळे रांग असते. घरात खरोखर आजारपण झालं असेल, मृत्यू झाला असेल, मूल स्वतः खचलेलं असेल, तर ते काउन्सेलरना सांगा. मिडइयर रिपोर्टबरोबर ते त्याबद्दल लिहू शकतात, आणि त्यांच्या शब्दाला वजन असतं. खोटं कारण मात्र देऊ नका. आणि घाबरून तो विषयच सोडून द्यायला लावू नका. अर्जात लिहिलेला विषय मध्येच सोडला तर तेही कॉलेजांना कळवावं लागतं, आणि काही वेळा ते सीपेक्षा जास्त खटकतं.

अजून चार महिने शाळा आहे. सीचा बी होण्याइतका हा वेळ आहे. फायनल ट्रान्सक्रिप्ट वाचणारा माणूस दोन्ही सत्रं शेजारी-शेजारी बघतो.

आणि सगळीकडून नकार आलाच, तर? या शब्दाला आपण घरात बंदी घातलेली आहे, म्हणून मी मुद्दाम लिहिते. एडिसनमध्ये मिडलसेक्स कॉलेज आहे, वेस्ट विंडसरमध्ये मर्सर काउंटीचं कम्युनिटी कॉलेज आहे. आपल्यातले निम्मे लोक रोज त्यांच्यावरून गाडी नेतात. तिथून दोन वर्षांची पदवी घेतली, तर तिचे क्रेडिट राज्याच्या चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांत धरले जावेत असा न्यू जर्सीत राज्यव्यापी करार आहे, आणि त्यामागे कायदा आहे. फी कितीतरी कमी. आपल्या मंडळातल्या किमान दोन घरांतली मुलं त्या वाटेने गेली आणि आज उत्तम शिकताहेत. त्यांच्या आईवडिलांनी ते मला हळू आवाजात सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या आपल्या नातेवाइकांना विचारा. तिकडे ही वाट इतकी रुळलेली आहे, की कुणी आवाज उतरवत नाही.

कार्यकारिणीतल्या जुन्या सभासदांना २०१५ आठवत असेल. प्रिन्स्टनजवळच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो शाळांचे सुपरिंटेंडेंट, म्हणजे तिथल्या सगळ्या शाळांचे प्रमुख, डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानांचं पत्र लिहिलं होतं. आदल्या वर्षात १२० विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं आणि ४० जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, ही माहिती तेव्हा सगळ्यांसमोर आली. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या. त्यावर पालकांचे दोन तट पडले, आणि विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे बाहेरून आलेले आशियाई पालक पुष्कळ होते. आम्हीही तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्यांना नावं ठेवली, अभ्यास पातळ करताहेत म्हणून. मुलगा तिसरीत होता आणि शेजारी बसून वरणभात खात होता. परीक्षा ठेवाव्यात की नाही यावर आजही माझं मत पक्कं नाही. पण ते ४० जण कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावरून उठून गेले होते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तुमचं मूल जेवत नसेल, झोपत नसेल, "माझा काय उपयोग" असं बोलत असेल, तर ग्रेड बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा शाळेच्या काउन्सेलरना गाठा. ९८८ या मानसिक संकटातल्या मदतीच्या नंबरवर अमेरिकेत कुठूनही, केव्हाही फोन किंवा मेसेज करता येतो. हे मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एकदाही आलेलं मी पाहिलेलं नाही. जेवणाचे मेनू येतात.

आता कार्यकारिणीला माझी विनंती, आणि त्यासाठीच खरं तर पत्र खुलं लिहिते आहे.

मे महिन्याच्या कार्यक्रमात आपण सीनियर मुलांचा सत्कार करतो. पडद्यावर फोटो, नाव आणि खाली कॉलेजचं नाव. निवेदक नाव वाचतो, टाळ्या पडतात. कॉलेजच्या नावाप्रमाणे टाळ्यांचा आवाज बदलतो. मी मागे उभं राहून तो आवाज ऐकलेला आहे, माझ्या मुलाच्या वेळीही ऐकला. दर वर्षी दोन-तीन मुलं त्या दिवशी येत नाहीत. कुणी विचारत नाही का. माझी मागणी साधी आहे: पडद्यावरून कॉलेजचं नाव काढा. त्या जागी त्या मुलाने या मंडळात काय केलं ते लिहा. कुणी गणपतीचं मखर केलं, कुणी मराठी शाळेत छोट्यांना बाराखडी शिकवली, कुणी बारा वर्षं ढोल वाजवला. यासाठी एक पैसा लागत नाही.

सप्टेंबरात 'यशस्वी पालकांशी गप्पा' असा कार्यक्रम असतो. तिथे आजवर आलेले सगळे पालक एकाच प्रकारच्या कॉलेजातल्या मुलांचे होते. या वर्षी कम्युनिटी कॉलेजातून गेलेल्या मुलांना बोलवा. ज्याचा सी आला, ज्याला वेटलिस्टवर ठेवून शेवटी नाही म्हटलं, त्याला बोलवा, आणि शक्यतो आईवडिलांऐवजी मुलांनाच बोलू द्या. माझ्या मुलाला मी विचारलं आहे. तो यायला तयार आहे, पण मी पहिल्या रांगेत बसायचं नाही या अटीवर. मला ती अट मान्य आहे.

आणि आपणा सगळ्यांना, माझ्यासकट: संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत हा प्रश्न विचारायचा नाही. निर्णय मार्चअखेरीस येतात, गुढीपाडवाही साधारण त्याच दिवसांत असतो. तोवर ज्यांना सांगायचं असेल ती मुलं स्वतः सांगतील.

कार्यकारिणीची बैठक फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे. हा विषय पत्रिकेवर घ्यावा, मी हजर राहीन. त्याच दिवशी दुपारी पाडव्याच्या लेझीम पथकाचा पहिला सराव आहे. हळदीकुंकवातून उठून गेलेली ती मुलगी गेली तीन वर्षं पथकात पुढच्या रांगेत असते. काल मी तिला फोन करून माफी मागितली. ती सरावाला येते म्हणाली आहे. तुम्हीही याल, तेव्हा तिच्याशी लेझीमबद्दल बोला.

आपली,
मंडळाची एक सभासद